भाची सतरा वर्षांची आहे, सही मी करू का?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील गाळून):

जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलं आहे. मोठ्या बहिणीची मुलगी अकरावीपासून त्यांच्याकडे शिकायला आहे. कॉलेजच्या अर्जावर स्थानिक पालक म्हणून त्यांचंच नाव आहे. मुलगी आता बारावीत, वय सतरा पूर्ण. आई-वडील साठेक किलोमीटरवर खेड्यात, शेती आणि दुभती जनावरं. दोनदा पाळी चुकली म्हणून मावशीने विचारलं तेव्हा ती रडायला लागली. घरी टेस्ट केली, दोन रेघा आल्या. मुलगा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, एकोणीस वर्षांचा. गर्भपातासाठी गेल्या तेव्हा ओळखीच्या दवाखान्यात 'आई-वडील दोघांना आणा, शिवाय पोलिसांना कळवावं लागेल' असं सांगून परत पाठवलं. एक मेडिकलवाला गर्भपाताच्या गोळ्यांचं 'किट' द्यायला तयार आहे. मुलगी म्हणते, आई-बाबांना सांगितलंस तर जीव देईन. ताईंचे यजमान म्हणतात, दुसऱ्याच्या लेकीसाठी आपण सही करायची नाही, उद्या अंगाशी येईल. अमेरिकेतला पुतण्या म्हणतो, तिकडे मुली थेट जजकडे जाऊ शकतात. ताईंचा प्रश्न: 'मी सही करू शकते का? लपवलं तर बहिणीचा विश्वासघात, सांगितलं तर पोरीचा. काय करू?'

ताई,

बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल, पण 'जीव देईन' या वाक्याबद्दल आधी. तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेला आहात, या वयातल्या मुली असं म्हणतातच अशा सुरात. म्हणतात खऱ्या. त्यातल्या काही करतातही. म्हणून पुढचे काही दिवस तिला घरात एकटी ठेवू नका, रात्री तिच्याच खोलीत झोपा, उंदराचं औषध, फवारणीची औषधं, झोपेच्या गोळ्या, जे काही घरात असेल ते कुलपात टाका. आणि तिला सरळ विचारा, 'खरंच मरावंसं वाटतंय का?' असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो अशी आपल्याकडे समजूत आहे, ती चुकीची आहे. विचारलं की मुली बोलतात. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. तिलाही बोलू द्या आणि तुम्हीही बोला. प्रसंग हाताबाहेर जातोय असं वाटलं तर ११२.

आज तिला एवढं सांगा: 'तुझ्या जिवावर बेतलं तर गोष्ट वेगळी, एरवी तुला विचारल्याशिवाय मी कुणाला फोन करणार नाही.' हे वचन तुम्हाला पाळता येईल. 'कुणालाच, कधीच कळणार नाही' हे मात्र कबूल करू नका. ते तुमच्या हातात नाही.

आता सही. तुमच्या पत्रात सही करणं आणि बहिणीला सांगणं या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की एक सुटली नाही तर दुसरी सुटणार नाही असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. दवाखान्याच्या कामाला घड्याळ लागलेलं आहे. बहिणीला कधी, कसं, किती सांगायचं याला तसं लागलेलं नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडेपर्यंत पहिला अडवून ठेवलात तर नुकसान फक्त मुलीचं होईल.

वैद्यकीय गर्भपाताचा आपला कायदा १९७१चा. अठरा वर्षांखालच्या मुलीचा गर्भपात पालकाच्या लेखी संमतीशिवाय करायचा नाही, असं तो म्हणतो. दवाखान्याने तुम्हाला सांगितलं ते यातूनच आलं आहे, फक्त 'आई-वडील दोघं' ही भर त्यांची स्वतःची. कायद्याने पालक म्हणजे कोण हे लिहून ठेवलं आहे: त्या अल्पवयीन मुलीची देखभाल जिच्याकडे आहे ती व्यक्ती. दोघांच्या सह्या लागतात असं त्यात नाही, बापाचीच हवी असंही नाही. जी मुलगी अकरावीपासून तुमच्या घरी जेवते, झोपते, आजारी पडली की तुमच्याबरोबर डॉक्टरकडे जाते, आणि जिच्या कॉलेजच्या कागदावर तुमचं नाव आहे, तिची देखभाल तुमच्याकडे आहे असं म्हणायला भक्कम आधार आहे. संमतीचा ठरलेला नमुना आहे, 'फॉर्म सी'. त्यात अल्पवयीन मुलीच्या पालकाने भरायचा भाग असतो. सही तिथे होते.

भक्कम आधार म्हटलं, हमखास नाही म्हटलं. उद्या मुलीचा बाप दारात येऊन उभा राहिला तर, या भीतीने बरेच डॉक्टर आई-वडीलच मागतात, आणि त्या भीतीला अगदीच कारण नाही असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही रिकाम्या हाताने आणि चाचरत गेलात तर नकार ठरलेला. वयाचा पुरावा म्हणून दहावीचा दाखला, दोघींची आधार कार्डं, कॉलेजचं ओळखपत्र, आणि स्थानिक पालक म्हणून तुमचं नाव असलेल्या अर्जाची प्रत एका फाइलमध्ये घाला. 'ही माझी भाची, माझ्याकडे राहते, कायद्याने पालक म्हणून मी संमती देते आहे' एवढं स्वच्छ सांगा. नाही म्हणाले तर नाही का ते लिहून मागा. लिहून मागितलं की पुष्कळदा वरिष्ठांना विचारून येतात.

ओळखीच्या दवाखान्यात पुन्हा जाऊ नका. छोट्या गावात ओळखीचा दवाखाना म्हणजे ओळखीचा कंपाउंडर, ओळखीची रिसेप्शनिस्ट आणि बाकड्यावर बसलेली तुमच्या नणंदेची शेजारीण. जिल्हा शासकीय रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा, खर्च फारसा येत नाही आणि तिथल्या स्त्रीरोग विभागाला अशी प्रकरणं नवी नसतात. खासगीतच जायचं असेल तर गर्भपात केंद्र म्हणून मान्यता मिळाल्याचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं आहे का ते पाहा. ते दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे.

कागद अडले तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. स्त्रिया आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. वकील रुग्णालयात बोलू शकतात, आणि अगदीच वेळ आली तर उच्च न्यायालयातही जाता येतं. तिथवर जावं लागू नये म्हणून तर आता हलायचं.

पुतण्या सांगतो ते खोटं नाही, पण अर्धं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली बेलॉटी विरुद्ध बेअर्ड या खटल्यात म्हटलं की आई-वडिलांची संमती सक्तीची करणाऱ्या राज्याने मुलीला न्यायाधीशाकडे जायची दुसरी वाट ठेवलीच पाहिजे. २०२२नंतर तिथल्या बऱ्याच राज्यांत गर्भपातावरच बंदी आली, तेव्हा त्या वाटेचा उपयोग राज्य बघून. फ्रान्सने २००१ साली मला जास्त शहाणी वाटते अशी सोय केली: मुलीला घरी कळू द्यायचं नसेल तर तिने स्वतः निवडलेली एक प्रौढ व्यक्ती सोबत आली की पुरे. आपल्या कायद्यात अशी वेगळी सोय नाही. पण पालकाची व्याख्या रुंद ठेवून १९७१च्या मंडळींनी तेच काम थोडंफार करून ठेवलं आहे, आणि आजचे दवाखाने ती व्याख्या अरुंद करून वापरतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

ताई, तुमच्या चार पानी पत्रात मला एक गोष्ट सापडली नाही. तिला काय हवंय? घरी कळू नये हे हवंय, ते समजलं. पण गर्भ ठेवायचा नाही हे ती म्हणाली की तुम्ही धरून चाललात? तुम्ही धरलंत ते बहुधा बरोबरच असेल. तरी तिच्या तोंडून ते यायला हवं, आणि 'तू म्हणशील तसं, मावशी' याला उत्तर समजू नका.

याला कायद्यातलंही एक कारण आहे. अठरा वर्षांवरच्या बाईच्या बाबतीत तिची स्वतःची संमती लागते. अठराखालच्या मुलीच्या बाबतीत कायद्याची भाषा पालकाच्या संमतीवरच थांबते, मुलीला काय वाटतं ते स्पष्ट विचारत नाही. मला हा या कायद्याचा सगळ्यात मोठा दोष वाटतो, कारण त्याच सहीने एखादा बाप मुलीच्या मनाविरुद्ध गर्भपात करून घेऊ शकेल आणि एखादी आई तो अडवून धरू शकेल. न्यायालयांनी ही फट बरीच बुजवत आणली आहे. एप्रिल २०२४मध्ये महाराष्ट्रातल्या एका १४ वर्षांच्या मुलीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. दिवस फार वर गेलेले. न्यायालयाने २२ तारखेला गर्भपाताला परवानगी दिली, नंतर आई-वडिलांना मुलीच्या जिवाची धास्ती वाटून त्यांचं मत बदललं आणि आठवडाभरात तो आदेश मागे घेतला गेला. त्या निकालात न्यायालयाने सांगितलं की मुलीचं मत आणि पालकांचं मत वेगळं असेल तर मुलीच्या मताला वजन द्यावं लागेल. तेव्हा सही तुमची असली तरी डॉक्टरांसमोर बोलायचं तिने. तशी तिची तयारी करून घ्या आणि डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलायचं म्हणाले तर खुशाल बाहेर थांबा.

दुसरं एक धरून चालला आहात: 'प्रेमप्रकरण'. असेल. पण तिला एकटीला, घाई न करता विचारा. तिला हवं होतं का? नाही म्हणाली होती का? त्याच्याकडे तिचे फोटो, व्हिडिओ आहेत का? पैसे, धमकी, शपथा? आणि खरंच तोच मुलगा का? घरातल्या किंवा नात्यातल्या माणसाचं नाव झाकायला मुली कॉलेजच्या मुलाचं नाव सांगतात असंही घडतं. उत्तर ऐकून तुमच्या पोटात गोळा आला तर पुढचं सगळं बदलतं. मग तक्रार आधी, आणि गर्भपाताच्या वेळी डीएनए तपासणीसाठी नमुना राखून ठेवायला डॉक्टरांना सांगायचं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. महाराष्ट्रात अत्याचार झालेल्या मुलींसाठी २०१३पासून मनोधैर्य योजना आहे, त्यातून आर्थिक मदत मिळते, हेही माहीत असू द्या.

दोघांच्या राजीखुशीचंच असेल तरीही पोलिसांचा विषय टळत नाही, आणि तो मी गोड करून सांगणार नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याने संमतीचं वय सोळावरून अठरावर नेलं. सतरा वर्षांच्या मुलीची 'हो' कायद्याच्या लेखी 'हो' नसते. असा प्रकार ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवायचं असं हा कायदा सांगतो, न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. म्हणजे दवाखान्याने तुम्हाला घाबरवायला थाप मारलेली नाही. आणि कायद्यातलं 'ज्याला कळेल' यात तुम्हीही येता, म्हणून वर सांगितलेल्या मोफत वकिलाकडे एकदा जाच.

या अटीने झालं काय, तर मुली दवाखान्यात यायच्याच बंद झाल्या आणि मेडिकलवाल्यांचं फावलं. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात यावर उतारा काढला. खटला खरं तर दिल्लीतल्या पंचवीस वर्षांच्या एका अविवाहित बाईचा होता, पण न्यायालयाने त्यात अल्पवयीन मुलींचाही विचार केला. डॉक्टरने पोलिसांना कळवायचं, मात्र मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर त्या माहितीत मुलीचं नाव, पत्ता, ओळख द्यायची गरज नाही. पुढे खटला उभा राहिला तरी डॉक्टरवर ती ओळख उघड करायची सक्ती नाही. पोलीस तरीही नावासाठी अडून बसतात असं दिसल्यावर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्यांना या निकालाची आठवण करून द्यावी लागली.

तर विनंतीअर्ज घरूनच लिहून न्या. चार ओळी पुरतात: आम्ही दोघी, मुलगी आणि तिची पालक, २९ सप्टेंबर २०२२च्या निकालाप्रमाणे ओळख गुप्त ठेवण्याची विनंती करतो. खाली दोघींच्या सह्या, तारीख. एक प्रत पोच घेऊन आपल्याकडे. प्रत्येक डॉक्टरला हा निकाल माहीत असेलच असं नाही, म्हणून त्याची प्रत सोबत असलेली बरी. वकिलांना सांगितलंत तर ते काढून देतील.

गुप्ततेबद्दल आणखी एक. गर्भपात केंद्राची नोंदवही गोपनीय असते आणि रुग्णालयाच्या इतर कागदांवर नावाऐवजी क्रमांक टाकायचा असतो. रुग्णाची माहिती फोडणाऱ्या डॉक्टरला २०२१च्या दुरुस्तीनंतर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. तरी कागदावरची गुप्तता आणि गावातली गुप्तता यांत फरक पडतो. चौकशी तुमच्या दारापर्यंत आलीच तर मुलीला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही. तिचा जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशात न येता, आणि तिच्या विश्वासातल्या माणसासमोर घ्यायचा असतो. तिचं नाव पेपरात छापणं गुन्हा आहे.

मुलगा एकोणीसचा आहे, म्हणजे प्रौढ. त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. तुमच्या भाचीला याची सगळ्यात जास्त भीती असणार आणि ती तिने तुम्हाला सांगितली नसेल. ही जोखीम शून्य आहे असं सांगून तिला दवाखान्यात नेऊ नका. काय होऊ शकतं आणि ओळख गुप्त ठेवल्याने काय टळू शकतं, दोन्ही सांगा. वय सतरा आहे, समजेल तिला. माझं मत विचाराल तर दोन कॉलेजवयीन मुलांच्या संमतीच्या संबंधाला अत्याचाराच्या पंगतीत बसवणारा कायदा बदलायला हवा. पण तो बदलेपर्यंत तुमच्या भाचीला याच कायद्यातून वाट काढायची आहे.

किटला हात लावू नका. गोळ्या वाईट म्हणून नव्हे, रुग्णालयही त्याच देईल कदाचित. पण आपल्या नियमांत गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच, तोही डॉक्टरच्या देखरेखीखाली. आठवडे मोजायचे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. दोनदा पाळी चुकली म्हणजे ती आठपासून बारापर्यंत कुठेही असू शकते, हे सोनोग्राफीशिवाय कळणार नाही. गर्भ पिशवीत आहे की नळीत, हेही नाही. नळीतला गर्भ या गोळ्यांनी पडत नाही आणि नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन काही तासांत जिवावर बेततं. मेडिकलवाला तेव्हा शटर ओढून बसलेला असेल. तिने तुमच्या नकळत गोळ्या घेतल्याच असतील तर, विचारून घ्या, रागावू नका. तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजावेत असा रक्तस्राव सलग दोन तास झाला, ताप उतरेना, पोटात असह्य दुखलं किंवा चक्कर आली तर सही, अर्ज, कागद काही न बघता थेट रुग्णालय.

नऊ आठवडे उलटले असतील तर लहानशी प्रक्रिया करतात, बहुतेक मुली त्याच दिवशी घरी येतात. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, वीस ते चोवीसमध्ये दोघांचं. अल्पवयीन मुली त्या मुदतीत बसतात. चोवीसच्या पुढे गर्भात मोठं व्यंग नसेल तर बहुधा कोर्टाचीच पायरी चढावी लागते. आणि 'पुढे मूल होणार नाही' असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय ते मनातून काढून टाका. वेळेत, धड ठिकाणी केलेल्या गर्भपाताने सहसा तसं काही होत नाही.

राहिली तुमची बहीण.

तुम्ही लिहिता की मेव्हणे मुलीला कॉलेजातून काढतील आणि दोन महिन्यांत उजवून टाकतील. त्यांना तुम्ही ओळखता, मी नाही, त्यामुळे ही भीती मी खरीच धरते. बहिणीबद्दल मात्र 'ती त्यांच्या शब्दाबाहेर नाही' एवढं एकच वाक्य तुम्ही लिहिलं आहे. तेवढ्यावर तिचा निकाल लावू नका. नवऱ्यासमोर तोंड न उघडणाऱ्या बायका मुलीवर बेतलं की मंगळसूत्र गहाण टाकून तालुक्याला येतात आणि घरी चकार शब्द काढत नाहीत. तुमची बहीण तशी आहे की नाही हे तुम्हाला ठाऊक असणार, लहानपणापासून बघताय तिला.

पण ठरवायचं भाचीने. तिला 'आई-बाबांना सांगायचं का?' असं एकत्र विचारू नका, त्याचं उत्तर 'नाही' हेच येणार. एकटी आई असेल तर? मी सांगितलं तर? सगळं पार पडल्यावर सांगितलं तर? असे तुकडे केले की कुठेतरी ती 'हं' म्हणते. ती आत्ता कशालाच तयार नसेल तर तुम्ही गप्प राहणं हा बहिणीचा विश्वासघात आहे असं मला वाटत नाही. बहिणीने मुलगी तुमच्यावर सोपवली ती फक्त मार्कांसाठी नसावी. खोटं मात्र रचू नका. 'तिला कावीळ झाली होती' वगैरे गोष्ट सांगितलीत तर ती सात जणांना सात वेळा सांगावी लागेल. बहिणीने तोंडावर विचारलं तर 'तब्येतीचं होतं, मी बघितलं, बाकी ती सांगेल' इथवर सांगायला हरकत नाही. एक दिवस तिला कळेल आणि ती तुमच्यावर चिडेल, कदाचित वर्षभर बोलणार नाही. तेवढी किंमत धरून चाला.

लग्नाचा विषय निघालाच, तर मुलाकडचे किंवा तुमच्याकडचे कुणी 'दोघांचं लावून टाकू, झाकलं जाईल' म्हणतील. अठराच्या आत लग्न लावणं २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याने झाकलंही जात नाही काही: नवरा असला तरी अठराखालच्या बायकोशी संबंध हा बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये सांगितलं आहे. मुलाचं वय तर लग्नासाठीच्या एकवीसलाही पोचत नाही.

तुमच्या यजमानांना हे पत्र वाचायला द्या. पालक म्हणून उघडपणे, सरकारी रुग्णालयात, कागद दाखवून सही करण्यात गुन्हा नाही. अंगाशी येईल ते मेडिकलवाल्याचं किट तुमच्या घरात घेतलं गेलं आणि पोरीला काही झालं तर. 'दुसऱ्याची लेक' हा त्यांचा शब्द मात्र तिच्या कानावर पडू देऊ नका.

उद्याच्या ओपीडीला लवकर निघा. शेवटच्या पाळीची तारीख, कुठली औषधं चालू असतील ती, कशाची ॲलर्जी असेल ती कागदावर लिहून घ्या, तिथे गोंधळून आठवत नाही. फाइल आणि तो चार ओळींचा अर्ज बरोबर. तिच्या मोबाइलचं चार्जिंग पूर्ण असू द्या, कारण थांबावं बरंच लागतं. डॉक्टर दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतील, ती फेरी चुकवू नका. गर्भपिशवी साफ झाली की नाही ते तेव्हा कळतं. गर्भनिरोधनाचा विषय त्याच फेरीत डॉक्टरांकडून काढवून घ्या. तुम्ही काढलात तर तिला ते प्रवचन वाटेल. आणि बारावीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कॉलेजात विचारून ठेवा, या धांदलीत ती निघून जाईल.